मी सांगते तोच जिंकतो

२९ जानेवारी
तर सगळ्यात आधी टपकली कोण, नणंद! चपलांसकट आत. वहिनी, टेनिसची फायनल लागली का? मागोमाग खालचा शिंपी, गळ्यात टेप तशीच. दोघं दिवसभर कामावर, म्हणून संध्याकाळी मॅच पुन्हा दाखवतात ती बघायला येतात. सून म्हणते, आपला टीव्ही मोठा आहे म्हणून. तिला काय कळतंय! माझ्यासाठी येतात. मी चौथी शिकलेली, पण खेळाडू दिसताक्षणी सांगितलं, ठेंगणी जिंकणार. जिंकली! शिंप्याचं तोंड उघडंच. दुपारी हीच मॅच लागली होती म्हणा, पण मी मटार सोलत होते. मान वर केली असेल चारदा. त्यानं काय होतंय? हे आतून येतं.

१२ मार्च
बर्फावर घसरायची स्पर्धा. धडधाकट माणसं पायांना सुऱ्या बांधून गोलगोल फिरतात. घरी विचारणारं कोणी नाही वाटतं. म्हटलं, निळी पडणार. पडली. नणंद म्हणाली, वहिनी, तोंडाला जरा कुलूप लावा. जळकी मेली, लग्नात माझ्या साडीवरही जळली होती.
ठराव: संध्याकाळी एकच भाकीत.

९ जुलै
ठराव मोडला. सायकलवाल्यांमुळे. तीन आठवडे डोंगर चढतात येडे, बस असताना! पहिले चौघे कोण येणार ते ओळीनं सांगितले. शिंपी म्हणाला, आजी, निकाल कळू नये म्हणून मी दुकानात रेडिओ लावत नाही, गिऱ्हाइकाला बोलू देत नाही, ते कशासाठी? म्हटलं, हात नीट चालावा म्हणून. गेल्या वेळी माझ्या ब्लाउजची एक बाही लांब झाली होती. उठून गेला.

२ सप्टेंबर
दोन महिने कोणी फिरकलं नाही. आज धावायची शर्यत. दहा सेकंदांचा खेळ, त्यासाठी चार वर्षं पळतात! तरी खुर्च्या मांडल्या. सून म्हणाली, आई, दुपारी टीव्ही बघत जाऊ नका. म्हटलं, बघते कुठे, तो समोर असतो. खुर्च्यांना सांगितलं, पिवळ्या बुटांचा जिंकणार. जिंकला. खुर्च्या काय कौतुक करणार, कप्पाळ!

८ डिसेंबर
फुटबॉलची फायनल. सून रिमोट पर्समध्ये घालून ऑफिसला गेली. चुकून, म्हणे. दुपारभर नुसती झोपले. संध्याकाळी बघते तर नणंद आणि शिंपी दारात! सुनेनंच फोन केलेला.
आज आतून काही येईना. पण इभ्रतीचा प्रश्न. ठणकावलं, लाल शर्टवाले, चार गोल! दोघांचे चेहरे पडले. गेली म्हणाले ही पण मॅच.
लाल हरले. शेवटच्या मिनिटाला. शिंपी टीपॉयवर चढला, उतरला तो नणंदेच्या पायावर, तरी ती हसतेच आहे. वर्षात पहिल्यांदा मॅच बघितली म्हणाली. मग जानेवारीपासून काय भिंत बघत होती? शिंप्यानं माझे हात धरले. आजी, अश्शाच चुकत राहा!
चुकतंय माझं खेटर. पंच आंधळा होता.
पोहण्याची फायनल बघायला परत येतो म्हणालेत. सुनेला सांगून ठेवलं, तुझ्या पर्समध्ये रिमोटला जागा ठेव.
बुधवारी. सोळा तारखेला, सात वाजता.