सॉरी म्हणण्यापूर्वीचा अभ्यास

२ मार्च
हिच्या रिटायरमेंटचा कार्यक्रम झाला. सगळी नोकरी हॉस्पिटलच्या कपडे-विभागात गेली. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे गाऊन. नवे डायरेक्टर फक्त इंग्रजी जाणतात, म्हणून ही इंग्रजीत बोलली. महिनाभर स्वयंपाकघरात नळ सोडून पाठ करत होती म्हणे, मला ऐकू जाऊ नये म्हणून. घरात मी असताना! औषधाच्या खोक्यात जो घडीचा कागद असतो, त्याचं इंग्रजी मी तपासतो. लाखो रुग्ण मला वाचतात.

माझ्याकडून कोणी दुखावलं गेलं असेल तर सॉरी, इथवर ती आली. तोपर्यंत तीन चुका झाल्या होत्या. मी उठून, अगदी सौम्यपणे, तिन्ही सांगितल्या. पहिल्या रांगेतून आवाज छान पोचला. ही थांबली. कागदाची घडी घातली आणि खाली बसली. अजून दोन वाक्यं राहिली होती म्हणतात. टाळ्या मात्र तिलाच.

३ मार्च
ही बोलत नाही. चहा मिळाला. बशी नाही.

४ मार्च
मुलीचा फोन. म्हणाली की बाबा, आईला एकदा सॉरी म्हणा, बाकी तिचं काहीच मागणं नाही. मी म्हटलं, म्हणेन की. माझा मोठेपणा अजून तुम्हां मायलेकींना कळलेला नाही. पण ज्या शब्दाचं मूळ माहीत नाही तो तोंडातून काढणं माझ्या तत्त्वात बसत नाही. खात्री केल्याशिवाय मी साधं 'जेवणानंतर घ्यावे'सुद्धा पास करत नाही.

संकल्प: रविवारच्या आत सॉरी म्हणून मोकळं व्हायचं. आधी अभ्यास.

७ मार्च
वाचनालयात गेलो. सगळ्यात जाड डिक्शनरी मागितली. ग्रंथपाल बाई म्हणाल्या की कपाटामागे आहे, तुम्हीच ओढा.

थक्क झालो. 'सॉरो' म्हणजे दुःख, त्यातून सॉरी आला असं सगळं जग धरून चालतं. साफ चूक. ती दोन वेगळी घराणी, नुसती चेहरेपट्टी जुळलेली. सॉरी आला 'सोअर'च्या घराण्यातून. दुखरी जागा, ठणका. म्हणजे मुळात सॉरी असलेल्या माणसाला स्वतःला दुखत असे.

मला कुठेही दुखत नाही. तपासून पाहिलं. तेव्हा तूर्त सॉरी म्हणणं म्हणजे खोटेपणा. हिला मात्र दुखत असावं. मुळापासून विचार केला तर हा शब्द तिच्याच वाट्याचा.

हे तिला समजावून सांगितलं. ती भांडी घासत होती. नळ मोठा केला.

९ मार्च
रविवार. सॉरी राहिला, कारण अभ्यास वाढलाय. दुसरा अर्थ सापडला: केविलवाणा, कीव यावी असा. याला चांगलं उदाहरण हवं. बिल्डिंगमध्ये कोणी डोळ्यांसमोर येत नाही. ऑफिसात बघतो.

१० मार्च
तिसरा अर्थ: ऐकू आलं नाही, पुन्हा बोला. संध्याकाळी ही गॅसपाशी काहीतरी पुटपुटली. मी लगेच म्हटलं, सॉरी? तिने चमकून वळून पाहिलं. चेहरा एकदम निवळला. पदार्थ करपत होता तरी बघत राहिली. गैरसमज नको म्हणून मी खुलासा केला की हा तिसरा अर्थ. ती आतल्या खोलीत गेली. करपलेलं मीच खाल्लं. तक्रार केली नाही, याची नोंद असावी.

१२ मार्च
कल्पना सुचली. आमच्या वाचक मंडळात रविवारी माझंच व्याख्यान ठेवायचं: 'सॉरी: अर्थ आणि उगम'. शेवटी सगळ्यांसमोर हिला सॉरी म्हणायचं. चारचौघांत अपमान झाला असं तिचं मत आहे ना, मग भरपाईही चारचौघांत. अध्यक्ष, म्हणजे आमचे रिटायर्ड दाताचे डॉक्टर, तयार झाले. दुसरं कोणी मिळत नव्हतं म्हणाले. विनोदी माणूस.

मुलीला सांगितलं. फोनवर रडायलाच लागली. म्हणाली, बाबा, खरंच? मी आईला घेऊन येते.

१५ मार्च
हिने कपड्यांना इस्त्री केली. माझ्या शर्टालासुद्धा. इतक्या दिवसांनी आपण होऊन विचारलं की अहो, वाढू का. मी हूं म्हटलं. फार लगेच विरघळलो तर उद्याच्या सॉरीला वजन राहणार नाही.

१६ मार्च
व्याख्यान जबरदस्त.

सुरुवात जड झाली. घराण्यांपर्यंत आलो तेव्हा दोघे झोपले होते, आणि अध्यक्ष स्वतःच दात दाखवायला बसल्यासारखा जबडा उघडून जांभया देत होते. जिवंत उदाहरण हवं होतं. म्हणून हिचं भाषण सांगितलं. नाव नाही घेतलं, 'आमच्या घरातलीच एक व्यक्ती' एवढंच. थोडा तिचा आवाजही काढून दाखवला. अख्खा हॉल हसला! झोपलेले उठले. आयुष्यात पहिल्यांदा सभा माझ्या मुठीत होती. मग पुन्हा एकदा काढून दाखवला.

त्या नादात वेळ संपली आणि अध्यक्षांनी घंटा वाजवली. प्रत्यक्ष सॉरी तेवढा राहून गेला.

ही मागच्या रांगेत, कपडे-विभागातल्या दोन मैत्रिणींच्या मध्ये बसली होती. मान खाली. भारावली असावी. चहाला थांबली नाही. मुलगी जाता जाता म्हणाली की बाबा, तुम्ही माणूस आहात की कोण. उत्तर देता आलं नाही, कारण एक गृहस्थ अभिनंदन करत होते. ते नंतर म्हणाले की पंखा कुठून बंद होतो.

१७ मार्च
ही मुलीकडे गेली. चष्मा, गोळ्या आणि स्वतःची उशी घेऊन. चार दिवसांचा राग.

२४ मार्च
आठ दिवस झाले. दूध दोनदा उतू गेलं. सॉरीचा सराव चालू आहे. आज लिफ्टच्या दाराला म्हटलं, जिन्यात पेपरवाल्याला म्हटलं, ऑफिसात खुर्चीला पाय लागला तेव्हा खुर्चीला म्हटलं. फार सोपं जातं. लोक उगाच बाऊ करतात.

१ एप्रिल
मुलीकडे फोन केला. जावयाने उचलला. आई आंघोळीला गेल्यात म्हणाला. तासाने केला, तरी आंघोळच. मग मुलीने फोन घेतला. आई हॉस्पिटलमध्ये आहे म्हणाली. मी म्हटलं, काय झालं? झालं काही नाही. डायरेक्टरांनी परत बोलावलंय, नव्या बायकांना शिकवायला. आणि त्या दिवशीचं राहिलेलं भाषण पुरं करा म्हणाले. हिने सगळ्यांसमोर उभं राहून एक वाक्य म्हटलं. दुसरं गाळलं.

दुसरं काय होतं, विचारलं. मुलगी मग म्हणाली की त्यात तुमचे आभार होते. माझ्या मिस्टरांमुळे मला इंग्रजीची गोडी लागली, असं काहीतरी.

आता उपयोग नाही, पण ते लिहून घेऊन तपासायला हवं होतं.

संध्याकाळपासून छातीत दुखतंय. ॲसिडिटी. गोळीच्या खोक्यातला कागद उघडला, माझाच तपासलेला. काही उपयोग होईना. जातच नाही.

२ एप्रिल
अजून दुखतंय. म्हणजे मुळाबरहुकूम मी आता पात्र झालो. आता सॉरी म्हणायला शास्त्राची हरकत नाही. वाक्य तयार केलं. एक सॉरी, पुढे तिचं नाव. कितीतरी वर्षांत तिला नावाने हाक मारलेली नाही, म्हणून आरशासमोर मारून पाहिली. जमतंय. उद्या फोन करणार.

३ एप्रिल, सकाळी
मी करायच्या आत फोन वाजला. हिचाच नंबर! शेवटी तिलाच राहवलं नाही. दोनदा वाजू दिला, आपण ताटकळत बसलोय असं वाटू नये. घसा खाकरला. उचलला. मी तोंड उघडेपर्यंत तीच म्हणाली, सॉरी, चुकून लागला. आणि ठेवला.

अहो म्हणाली नाही. घाईत असेल.

उच्चार अगदी स्वच्छ होता. मीच शिकवलेला.