शिडीवरची सभा

तीर्थरूप दादा (आणि निकाल लागेपर्यंत महापौरसाहेब), तुमच्या मेहुण्याचा वाकून नमस्कार. तुमचा घसा बसल्याचं कानावर आलं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा. हे तुमची बहीणच म्हणाली, पण तिनं सांगितलं असं कळवू नका म्हणाली.

तर कालची सभा. तुम्ही घरपट्टी वाढवलीत आणि हिनं ‘करमुक्त नगर पक्ष’ काढून तुमच्याच विरुद्ध अर्ज भरला, इथवर तुम्हाला ठाऊक आहे. पण कराला विरोध म्हणून वर्गणीसुद्धा घ्यायची नाही असं पक्षानं ठरवलंय, त्यामुळे व्यासपीठ नाही, खुर्च्या नाहीत, भोंगा नाही. शेवटी ही माझ्या शिडीवर चढून बोलली. (शिडी पालिकेची. मी रस्त्यावरच्या दिव्यांचा माणूस, दुसरी कुठून आणू? बायको पडू नये म्हणून गणवेशातच खाली धरून उभा होतो. कुणी विचारलंच, तर मी दिवा दुरुस्त करत होतो.) बोलली मात्र फक्कड! तुमची तर सालटीच काढली. टाळ्या ऐकून तिला आणखी चेव आला आणि म्हणाली, पक्ष चालवायचा तर प्रत्येक घरानं दरवर्षी थोडं काही द्यावं. मोठ्या घरानं जास्त, लहान घरानं कमी, आणि उशीर करेल त्याला दंड. पुढेच उभा असलेला न्हावी म्हणाला, "अहो ताई, ही तर घरपट्टीच झाली की!" असा हशा पिकला की शिडी हलली. (मीही हसलो, म्हणून हलली. हे घरी बोलू नका.)

तेव्हापासून ही गप्प आहे. जेवली नाही. उद्या माघार जाहीर करते म्हणते. खरं तर मी खूश व्हायला हवं, कारण कर गेला की माझा पगारही गेला. पण दादा, मला नाही हो बघवत. ही भांडली तर परवडतं, गप्प बसली की घर खायला उठतं. आणि लोक हसले त्याचं तिला एवढं नाही. तुम्ही परवा भाषणात म्हणालात ना, "धाकटी आहे, चार दिवसांत विसरेल", ते जिव्हारी लागलंय.

वहिनींना नमस्कार. पत्र तुमच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय.

ता. क. : आज संध्याकाळच्या सभेत तिच्यावर कडाडून टीका करा. धाकटी म्हणू नका, उमेदवार म्हणा. बाकी तोंडाला येईल ते बोला. काहीतरी निमित्त काढून मी तिला चौकात आणून उभी करतो.

आणखी एक : मत मात्र मी तिलाच देणार, राग नसावा. माझ्या नोकरीची काळजी करू नका. माझा पगार थांबला, तर ही पहिल्याच बैठकीत नवा कर बसवेल. ओळखतो मी तिला.