आईला कुठे ठेवायचं

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आई ठणठणीत आहे आणि रोज माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते आहे. पण साथ आता आमच्या गल्लीत शिरलीय. समोरच्या वृद्धाश्रमाच्या दारातून रुग्णवाहिका हलतच नाही. आमच्या आरोग्य खात्यात मी प्रत्येक देशातले लाखामागचे मृत्यू मांडतो, तर चित्र अगदी उलटं निघतंय. श्रीमंत देश वर, गरीब खाली. साहेबही चक्रावलेत. तिकडचा, आपल्या देशाचा आकडा तर फारच कमी आहे. म्हणून विमानं बंद व्हायच्या आत आईला तुझ्याकडे पाठवतोय. रागावू नकोस, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
गणित्या

२४ मार्च

चि. गणित्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आई पोचली. किती वाळलीस म्हणून आधी मला झापलं, मग जवळ घेतलं. तिला बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तुझा आकडा इस्पितळात माझ्या वॉर्डात सांगितला, तर मोठ्या सिस्टर नुसत्या हसल्या. आमच्याकडचं तपासणीचं सामान कधीच संपलंय. ज्याची तपासणीच झाली नाही, तो साथीने गेला असं कोण लिहिणार? आता विमानं बंद झाली, तुला बोलून काही उपयोग नाही. मी घरी आल्यावर आईपासून लांबच बसते, तर ती रुसते. तिकडे जप, पत्र टाकत जा.

ताई

६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी तक्ता पुन्हा काढला. तक्त्यात वयाचा रकाना मी परवा घातला. इथे म्हातारी माणसं जास्त, म्हणून मरणारेही जास्त. आपल्याकडे तरुण भरपूर. पण आई काही तरुण नाही गं. तिच्या वयाच्या माणसांचंच पाहिलं, तर ती इथेच जगण्याची शक्यता जास्त होती. इथे निदान खाट मिळते, प्राणवायू मिळतो. एवढी साधी गोष्ट मला सुचू नये? आईला यातलं काही सांगू नकोस. लगेच कळव, घोर लागलाय.

गणित्या

२३ एप्रिल

चि. गणित्यास,
आशीर्वाद.

आई गेली हे फोनवर सांगितलंच. उरलेलं फोनवर बोलवेना.

खाट मिळाली ती माझ्या ओळखीने. प्राणवायूच्या नळकांड्यासाठी मी सगळे मजले पालथे घातले. शेवटी आईने हातानेच मला आता पुरे म्हटलं. नंतर डॉक्टरांनी मान खाली घालून मला विचारलं, मृत्यूच्या दाखल्यावर काय लिहू? साथ लिहिलं असतं तर तिला परस्पर स्मशानात नेलं असतं, कोणाला तोंडही दिसलं नसतं. मी म्हटलं, दमा लिहा. त्यांनी लिहिलं. मग मी तिला घरी आणलं, केस विंचरले, पोटभर रडले.

मला त्याचा पश्चात्ताप नाही. पण आमच्या वॉर्डात सगळ्यांचे घरचे असंच सांगतात, आणि डॉक्टर तसंच लिहितात. तुझ्या पुढच्या तक्त्यातही आपला आकडा कमीच असेल. तो बघून आणखी कोणी आपल्या आईला इकडे पाठवू नये, एवढं तुझ्या साहेबांना सांग.

तू स्वतःला फार बोल लावू नकोस. आता आपण दोघंच आहोत, माया असू दे.

ताई