बादलीतला गूळ

८ डिसेंबर, रविवार

आली! माझी मनू आली एकदाची बेंगलोरहून. अन् येताना काय आणलं तर घरी बिअर करायची बादली! मी म्हटलं, बाई गं, लोकांच्या नाती साड्या आणतात. तर म्हणते, "आजी, साडी तू नेसतेस का? ट्रंकेत घालून कुलूप लावतेस." खरं आहे.

हणमंतचं तोंड बघण्यासारखं झालं. क्लासमध्ये फिजिक्स शिकवणारा माणूस, वरच्या खोल्यांत नीटची आठ पोरं भाड्यानं राहतात. "मने, त्यांच्या आईबापांना कळलं तर माझीच टीसी काढतील!" पण लेकीला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नाही. शेवटी म्हणाला, बादली आईच्या खोलीत ठेवा, तिथं कोण बघतंय. सूनबाई, विशाखा, नुसती देव्हाऱ्याकडं बघत उभी.

९ डिसेंबर, सोमवार

आज बादली मांडली. बादलीबरोबर आलेल्या डब्यात काळं घट्ट, काकवीसारखं. सातूला मोड आणून, त्याचा अर्क आटवून करतात म्हणे. एवढंच? मोड तर मीपण ज्वारीला आणते! डब्यावर लिहिलंय, एक किलो साखर घाला. मी म्हटलं, साखरेनं नुसती चढंल, चव कुठून येईल? निलंग्याकडचा गूळ घाल, काळा. मनूनं खडा तोंडात टाकला, डोळे मिटले, म्हणाली, "ठरलं." मग मी मूठभर धने भरडून दिले. संत्र्याची वाळवलेली सालं दिली. ती विशाखानं तोंडाला लावायला ठेवली होती, तिला अजून कळलं नाही. पाणी टँकरचं, म्हणून दोनदा उकळलं. सगळं गार झाल्यावर मनूनं पुडीतलं यीस्ट टाकलं; ते गोड खातं अन् त्याची दारू करतं म्हणे.

माझं माहेर बिलोलीकडचं. बाबा शिंदी प्यायचे. पहाटेची गोड, दुपारची आंबट, दिवे लागले की बाबांचीच जीभ आंबट! हे सांगितलं तर मनू हसून हसून खाली बसली.

झाकणाला वाकडी नळी आहे, तीत घोटभर पाणी. आतला वारा त्या पाण्यातून बाहेर येतो, बाहेरचा आत जात नाही.

१० डिसेंबर

बोलली! सकाळी चहा पिताना नळी बोलली — बुडूक! आम्ही दोघी नाचलो. माझा गुडघा दुखतोय, पण नाचले.

१२ डिसेंबर, गुरुवार

वर पोरं पाठ करायलीत, खाली बादली. बुडूक, बुडूक, बुडूक. एका श्वासात तीन. लई गोड वाटतं. खोलीत कुणी आहे असं वाटतं. शेजारची केवळाबाई हळद मागायला आली अन् कान टवकारून म्हणाली, "काय वाजतंय वो?" मी म्हटलं, पोटात गॅस झालाय. बिचारी ओवा देऊन गेली!

जेवताना मधेच थांबली बादली. मी घास हातात धरून बसले. मग बुडूक. मग जेवले.

१४ डिसेंबर, शनिवार

हळू झाली. एक वाजला की मी वीस मोजते, तेव्हा दुसरा. मनू म्हणते, आतलं गोड संपत आलं, दोन दिवसांत थांबेल, मग बाटल्या भरू. मी म्हटलं, बरं.

बरं काय बरं.

माझी लेक पुनम अशीच वाजवत होती. उशाला तांब्या घेतल्याशिवाय झोपायची नाही पोरगी. भूकंपात घर बसलं तेव्हा तांब्या तिच्याबरोबर आत राहिला. टक. मग काही नाही. मग टक. मी अंगणात निजले होते म्हणून बाहेर. नऊ वर्षांची होती. एकतीस वर्षं झाली, या घरात तिचं नाव मी काढत नाही.

मनू दळण आणायला गेली तेव्हा गूळ पाण्यात उकळला, गार केला, झाकण उघडून ओतला. संध्याकाळी — बुडूक, बुडूक!

१८ डिसेंबर

मनू हैराण. काचेची एक नळी आहे, ती बिअरमध्ये तरंगत ठेवायची. गोड संपेल तशी खाली जाते. ही वरच येतेय! "आजी, तू काही केलंस का?" मी चौथी शिकलेली बाई, मी काय करणार? असं म्हटलं.

तीनदा घातला आतापर्यंत.

२१ डिसेंबर, शनिवार

धरली गेले. विशाखा स्वयंपाकघरातून ओरडली, "अर्धी ढेप कुठं गेली?" मनूनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता रागावणार. ती तर ओरडलीच — "आजी! लोक हे मुद्दाम करतात! थोडं थोडं खायला घालत राहायचं, जोर वाढतो! तुला कुणी सांगितलं?"

कुणी नाही सांगितलं.

मग वाटीत काढून चाखली. वासाला संत्रं, जिभेला गूळ, पोटात निखारा. हणमंतनं अर्धी वाटी घेतली अन् ठसका लागला. "आई, ही बिअर न्हाई, रॉकेल हाय!" पण वाटी खाली ठेवली नाही. विशाखानं बोट बुडवून चाटलं, म्हणाली, "संत्र्याची सालं माझीच ना?" लई हसलो. इतकं हसलेलं हे घर मला आठवत नाही.

मनू मात्र म्हणाली, "आता बास कर हं. यीस्टलापण हद्द असते. स्वतःच केलेल्या दारूत मरतं ते. किती गूळ घातलास तरी थांबणारच."

२४ डिसेंबर, मंगळवार

जेवताना मनूनं बापाला कपाळावरच्या खुणेचं विचारलं. कधी नव्हे ते हणमंत बोलला. "तुळई पडली होती. मी चौदा वर्षांचा. समोरच्या खोलीत मी, मागच्या खोलीत पुनम. तुझे आजोबा बैल बघायला निलंग्याला गेलेले. गल्लीत माणसं चार अन् पहार एक. आईनं सांगितलं, पुनमचा आवाज बंद झाला. म्हणून त्यांनी माझ्याकडं खंदलं. न्हाईतर मी कुठला वाचतो!" असं म्हणून माझ्या ताटात भाकरी वाढली. मऊ, मधली.

मी पाणी प्यायला म्हणून उठले ती खोलीत आले. बुडूक. ऐंशी मोजले. बुडूक.

२५ डिसेंबर

गूळ घातला. दीडशे मोजले.

२६ डिसेंबर

पुन्हा घातला. उरलेला सगळा.

२७ डिसेंबर, शुक्रवार

सकाळपासून हजार मोजले, मग चुकले, मग पुन्हा पहिल्यापासून. मनू धुतलेल्या बाटल्या घेऊन दारात आली.

"थांबली गं आजी."

"न्हाई. येतोय आवाज."

"नाही येत."

"येतोय म्हणते ना! तुला ऐकू येत न्हाई!"

एवढ्या मोठ्यानं मी तिच्यावर कधी ओरडले नव्हते. मनूनं बाटल्या खाली ठेवल्या अन् माझ्याशेजारी बसली. बादलीला कान लावून बसली. किती तरी वेळ. मग म्हणाली, "आजी, कुणाचा आवाज?"

मी बाटल्या पुसायला घेतल्या.

२८ डिसेंबर, शनिवार

दगडाला कान लावून एकटी मीच बसले होते. गल्लीतली माणसं म्हणाली, बाई, कुठं खंदू? हणमंतचा काहीच आवाज नव्हता. मी म्हटलं, इथलं बंद झालं, पोराकडं चला.

बंद झालं नव्हतं. हणमंतला बाहेर काढलं तेव्हापण तांब्या वाजत होता.