दादाला माझं रक्त चाललं नाही

९ सप्टेंबर २०२४

दादाला डेंग्यू नाही. पुरानंतर अख्खं बडोदं तापाने फणफणलंय, म्हणून सगळ्यांनी डेंग्यूच धरला होता. आज गणपतीला रावपुऱ्यात त्याच्याकडे गेले, तर आरती बसून म्हणत होता. दादा आणि बसून आरती! हिरड्यांतून रक्त. वहिनी म्हणाल्या, ब्रश लागला असेल. संध्याकाळी लॅबवाल्याचा फोन — रिपोर्ट घेऊन आत्ताच रक्ताच्या डॉक्टरांकडे जा.

१० सप्टेंबर

ब्लड कॅन्सर. अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया.

डॉ. विक्रमसिंह गुजरातीत सावकाश समजावत होते. रक्त हाडांच्या आतल्या मगजात बनतं. तिथे कच्च्या पेशींनी सगळी जागा बळकावलीय. किमो लगेच. दादाने एकच विचारलं, विसर्जनापर्यंत थांबता येईल का? डॉक्टर नाही म्हणाले.

यंदा विसर्जन आभा करणार. त्याची एकुलती एक लेक.

२९ सप्टेंबर

दादाची मिशी गेली. ओळखूच येईना.

१४ ऑक्टोबर

मगज साफ झाला. पण आजार परत येतोच म्हणे, दुसऱ्याचा मगज घातल्याशिवाय टिकत नाही. सख्खी बहीण म्हणून माझं रक्त घेतलं.

डॉक्टर घराण्याची चौकशी करत होते. बाबा कशाने गेले? अशक्तपणाने, मी म्हटलं. त्या वेळी तेवढंच सांगितलं होतं आम्हाला. आणि काका? तेही तसेच, साठीच्या आसपास. डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. एकाच घरात हा आजार पुन्हा पुन्हा का होतो, यावर त्यांचं संशोधन चालू आहे. दादाचे आणि माझे नमुने त्यासाठी तपासू का, असं विचारलं. दोघांनी सह्या केल्या.

२३ ऑक्टोबर

जुळलं! पूर्ण जुळलं! शाळेत स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगत सुटले. सदानंदनी येताना बीट आणि डाळिंबं आणली. म्हणाले, आता बायकोने नुसतं खायचं. दादा फोनवर म्हणाला, "नीलू, म्हणजे मीही आता तुझ्यासारखा भांडखोर होणार."

कितीतरी वर्षांनी मी कुणाच्या इतकी कामाची झाले.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. दादाला मास्क लावूनच ओवाळलं. म्हटलं, यंदा ओवाळणी माझ्याकडून.

११ नोव्हेंबर

माझं चालणार नाही.

डॉक्टरांनी दादाला आणि मला एकत्र बसवलं. दादाचा आजार ज्या जनुकातल्या बिघाडातून आला, तो बिघाड जन्मापासूनचा आहे. बाबांकडूनच आला असणार. आणि तो माझ्यातही आहे. माझा मगज दादाला दिला तर पुन्हा तेच पेरल्यासारखं होईल.

मी विचारलं, म्हणजे मलाही होणार? ते म्हणाले, "बेन, खोटं नाही बोलणार. बिघाड असणाऱ्या पुष्कळांना जन्मभर काही होत नाही. काहींमध्ये साठीकडे तो जागा होतो. का होतो, तेच शोधतोय. आज माझ्याकडे औषध नाही. दर सहा महिन्यांनी रक्त तपासत राहू, एवढंच."

दादा खाली बघत होता. लिफ्टमध्ये हळूच म्हणाला, "माझ्यामुळे तुला कळलं गं हे." जणू त्यानेच केलं.

१३ नोव्हेंबर

वहिनी म्हणाल्या, "वन्सं, भीती वाटत असेल तर सरळ सांगायचं." दादा ताडकन म्हणाला, "अहल्या, बास." त्यांना समजावलं होतं, पण पटत नाही. जुळलं म्हणून पेढे वाटले, मग चालत नाही म्हणजे काय? त्यांच्या जागी मी असते तर मलाही नसतं पटलं.

१६ नोव्हेंबर

मोहनाला पुण्याला फोन करून सगळं सांगितलं. तिच्यात असण्याची शक्यता निम्मी. ती तपासून घ्यायला नाही म्हणाली. "कळून मी काय करू, आई? रोज आरशात बघत बसू?" आईने लेकीला काय द्यावं आणि काय देऊन बसले!

२५ नोव्हेंबर

आभात बिघाड नाही. तिचं निम्मंच जुळतं, पण चालेल म्हणाले. वहिनी माझ्या गळ्यात पडून रडल्या. मीही रडले. माझं रडणं सगळं आनंदाचं नव्हतं.

१९ डिसेंबर

अहमदाबाद. आभाच्या पेशी दादाला चढवल्या. लहानशी पिशवी. तासाभरात झालं. आम्ही काचेबाहेर.

२० जानेवारी

दादाच्या अंगात आता आभाचं रक्त बनतंय. डॉक्टर म्हणाले, त्याच्या रक्तात आता तो बिघाड सापडणार नाही. बाबांकडून आलेला तो बिघाड आम्हा भावंडांत आता माझ्या एकटीच्याच रक्तात.

४ फेब्रुवारी

अंगावर लाल चट्टे, जुलाब. आभाच्या पेशींना दादाचं शरीर परकं वाटतंय. लेकीच्या पेशी बापाशी भांडतायत. ते भांडण दाबायच्या औषधांनी प्रतिकारशक्ती शून्य.

११ फेब्रुवारी

न्यूमोनिया. व्हेंटिलेटर.

१४ फेब्रुवारी २०२५

दादा गेला. ल्युकेमिया नव्हता त्याच्या अंगात. मगज शेवटपर्यंत साफ.

१ मार्च

आभा जेवत नाही. माझ्याच पेशींनी बाबांना मारलं, म्हणते. आज तिला माझ्याकडे, अकोट्याच्या घरी घेऊन आले. तिला म्हटलं, तू दिलंस म्हणून त्याला आशेचे दोन महिने मिळाले. मला तर तेवढंही देता आलं नाही. तिने थोडा वरणभात खाल्ला.

डॉ. विक्रमसिंहांचा फोन आला होता. दादाचे नमुने जपून ठेवलेत, माझेही देत राहाल का? देईन म्हटलं. कुणाला तरी कळू दे, तो का जागा होतो.

६ मे

सहामाही तपासणी. प्लेटलेट्स उतरल्यात. पांढऱ्या पेशीही. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, मगज तपासून बघू. आवाज मात्र सप्टेंबरात दादाशी बोलतानाचा होता.

सदानंदना सांगितलं नाही. हे सांगायला दादा हवा होता.

८ मे

शाळेच्या पेपरांचे गठ्ठ्यावर गठ्ठे. बरंच आहे, डोकं त्यात राहतं.

९ मे

सकाळी मोहनाचा फोन. मला न सांगता तिने तपासणी करून घेतली. तिच्यात बिघाड नाही.

मी नुसती देवापुढे जाऊन बसले, फोन कानालाच. ती म्हणाली, "आई, ऐकतेयस ना? माझ्यासाठी नाही केली गं. उद्या तुला लागलंच, तर माझं चालेल."

सहा तारखेचा रिपोर्ट तिला सांगितलेला नाही. आज सांगते.