मांडीवरचा ठेका

बाबा, आज मी परीक्षा पास झाले. या वयात कसली परीक्षा, असं तुम्ही विचाराल. नीट सांगते, पण मधे बोलू नका. परळला एका हॉस्पिटलात तातडीच्या उपचारांचा विभाग आहे, तुमच्या वेळी ज्याला सगळे कॅज्युअल्टी म्हणायचे. तिथले डॉक्टर आता बाहेरच्या माणसांनाही शिकवतात. माणूस कोसळला, श्वास थांबला, तर गाडी येईपर्यंत त्याची छाती दाबून रक्त कसं फिरतं ठेवायचं. वॉचमन येतात, टॅक्सीवाले येतात, गणपती मंडळांची पोरं येतात. त्यातून प्रत्येक वस्तीला एक शिकवणारा निवडतात आणि त्याच्या ताब्यात सरावाची डमी देतात. आपल्या चाळींसाठी त्यांनी मला निवडलं. रविवारी माझा पहिला वर्ग. आणि कुठे, सांगू? तळमजल्याच्या त्याच खोलीत, जिथे तुमचं भजन बसायचं.

हे सुरू झालं आपल्या गणपती मंडळाच्या अध्यक्षापासून. तो आता पन्नाशीला आला, पण सातवीत माझ्या हाताखाली शिकला आणि अजून मी दिसले की तोंडातली सुपारी गालात लपवतो. महिन्यापूर्वी दारात उभा राहून म्हणाला, "बाई, हॉस्पिटलवाले आपल्या पोरांना ट्रेनिंग देतायत. गणपतीत रांगेत माणसं चक्कर येऊन पडतात ना, त्यासाठी. तुम्ही येता का नावं लिहून घ्यायला? तुमच्यासमोर पोरं दंगा करत नाहीत."

"नावं तू लिही. मी शिकायला येते."

"बाई, खाली गुडघ्यांवर बसावं लागतं."

"बसेन."

"उठावं पण लागतं, बाई."

"सुपारी थुंकून ये आणि मग बोल," म्हटलं. तो गेला, पण माझं नाव यादीत घालूनच गेला. मी तुमच्या मृदंगाखालची ती छोटी गादी माळ्यावरून काढली, उन्हात टाकली, झटकली. मृदंग तुमच्या मागे मी भजनी मंडळाला देऊन टाकला होता, गादी मात्र राहिली होती. गुडघ्यांखाली घ्यायला तीच नेली.

बाबा, तो विभाग तुम्ही पाहायला हवा होता. पहिल्या दिवशी शिकवायच्या आधी त्यांनी आम्हाला सगळं फिरवून दाखवलं. दारातच एक सिस्टर बसते. आलेल्या माणसाचा श्वास, नाडी, शुद्ध बघते आणि मनगटाला पट्टी बांधते, लाल, पिवळी नाहीतर हिरवी. लाल पट्टीचा माणूस थेट आत. बाकीचे थांबतात. आमच्या देखत बोट कापलेला एक जण तावातावाने भांडत होता, की मी आधी आलोय, तो मागून आलेला म्हातारा आत कसा? आमचा अध्यक्ष लगेच त्याची बाजू घ्यायला निघाला, त्याला भांडण दिसलं की राहवत नाही. मी त्याचा शर्ट धरला. "ही काय रॉकेलची रांग आहे? तो निळा पडलाय, तुझ्या माणसाला शिव्या देण्याइतका दम आहे." सिस्टर हसली. मला म्हणाली, "आजी, रोज येत जा."

आत गेलं की एका खाटेभोवती सगळं हाताशी. ऑक्सिजन, हृदयाचा आलेख काढणारं यंत्र, झटका देणारं यंत्र. पेशंटला या मजल्यावरून त्या मजल्यावर ढकलत न्यायचं नाही, ज्या डॉक्टरची गरज असेल तो खाटेपाशी येतो. फक्त याच कामाची वेगळी पदवी असते आता. ज्या मुलीने आम्हाला शिकवलं ती तसली डॉक्टर, पायात पळायचे बूट, आवाज बसलेला. आणि मला सर्वांत आवडलं ते त्यांचं बोलणं. सकाळी डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय मिळून तालीम करतात. डॉक्टरने काही सांगितलं की ऐकणारा ते मोठ्याने परत म्हणतो, आणि काम झालं की "झालं" म्हणून कळवतो. "सुई दे." "सुई देते." "सुई दिली." मला वर्गातल्या माझ्या पोरांची आठवण झाली. आयुष्यभर मी बोंबलत होते, की ऐकलं असेल तर म्हणून दाखवा. इथे नुसती मान हलवून कोणी सुटत नाही. मी तिथे उभी होते आणि अंगावर रोमांच आले, खोटं नाही सांगत.

त्याच खाटेपाशी मला तुमचा शेवटचा दिवस दिसला. तो मी कधी कोणाशी बोलले नाही, आज बोलते. गॅलरीत तुम्ही दाढीची वाटी हातात घेऊन उभे होतात आणि खाली बसलात, मग आडवे झालात. माणसं किती जमली! गिरणीच्या साचेखात्यातले तुमचे सोबती, शेजारच्या वहिनी, वरच्या मजल्यावरचे काका. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. कोणी तोंडात पाणी घालू लागलं. कोणी तळवे घासले. एक जण टॅक्सी आणायला पळाला. आई तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसली. प्रत्येकाने जीव ओतून काहीतरी केलं, आणि एकानेही तुमच्या छातीवर हात ठेवला नाही. ठेवायचा असतो हे कोणाला सांगितलेलंच नव्हतं. साचे चालवणारे, गाठोडी उचलणारे, मृदंग वाजवणारे एवढे तगडे हात त्या गॅलरीत रिकामे उभे होते. छाती दाबली असती तर तुम्ही वाचला असतात, असं मी म्हणत नाही. डॉक्टरनेही आम्हाला पहिल्याच तासाला बजावलं, की प्रत्येक वेळी माणूस परत येतोच असं नाही. पण प्रयत्न तरी झाला असता. म्हणून मला नुसतं शिकून भागणार नव्हतं. मला शिकवणारी व्हायचं होतं, आपल्या गॅलऱ्यांमधून, आपल्या बायकांना, आपल्या बोलीत.

आणि तिथेच मी आपटले. छाती दाबायला एक लय लागते. फार हळू नाही, फार जलद नाही. डॉक्टर म्हणाली, तुमच्या डोक्यात पक्की बसलेली एखादी चाल धरा. आमच्या पोरांना दुसरं काय सुचणार? आरती. सगळ्यांनी टाळ्यांवर ताल धरला, एकेक जण डमीवर दाबू लागला. सुरुवात झकास झाली. त्या डमीच्या बाजूला दिवा असतो, लय आणि दाब बरोबर असेल तर हिरवा, नाहीतर पिवळा. आमचा प्रत्येक जण हिरव्यावर सुरू करायचा आणि थोड्या वेळात पिवळ्यावर जायचा. डॉक्टरला कळेना, सगळेच का धावतात! आपल्याकडची आरती तिने कधी शेवटपर्यंत ऐकली नसावी. सुरू होते बैलगाडीने, संपते मोटारीने. टाळ्या वाढतात, झांजा वाढतात, कोणी ठरवून करत नाही, अंगातच येतं. "अहो, हृदय भरायला वेळ द्या," ती कळवळून म्हणाली. "रिकाम्या हृदयातून काय बाहेर पडणार? आणि दाबल्यावर हात सैल सोडा, छाती पूर्ण वर येऊ द्या."

पोरं हळूहळू सुधारली. आज सकाळी शिकवणाऱ्यांची परीक्षा होती. गादीवर गुडघे टेकले, हात सरळ ठेवले, खांद्यातून जोर लावला. दिवा हिरवा. मागून अध्यक्ष ओरडला, "बाई, येऊ द्या!" आणि सगळ्या पोरांनी कौतुकाने टाळ्या धरल्या. त्या टाळ्या वाढल्या आणि त्यांच्या मागे माझे हात गेले. मी, बाबा! जन्मभर दुसऱ्यांना शिस्त लावणारी. दिवा पिवळा झाला आणि पिवळाच राहिला. डॉक्टर माझ्याशेजारी उकिडवी बसली. "काकू, तुम्ही शिकलात छान. पण शिकवणारी म्हणून नाव नाही देता येणार. शिकवणारी धावली तर अख्खी चाळ धावेल." मग माझा चेहरा बघून म्हणाली, "पाणी प्या. जेवणानंतर एकदा अजून बघू. ते शेवटचं."

जेवण कसलं! मी जाऊन दारातल्या बाकावर बसले. गाड्या येत होत्या, सिस्टर पट्ट्या बांधत होती, आणि मला स्वतःचा इतका राग आला होता की अध्यक्षाने आणलेला वडापाव मी त्यालाच खायला लावला. "बाई, माझीच चूक. मी ओरडायला नको होतं," तो म्हणाला. मी म्हटलं, "खा आणि गप्प बस." त्याने दोन घास खाल्ले आणि हळूच म्हणाला, "बाई, तुमचा हात बघा."

माझा उजवा हात माझ्या मांडीवर पडत होता. पडत होता आणि लगेच उचलला जात होता, मांडी तापलेली असावी तसा. एकसारखा. मला पत्ताच नव्हता. आणि बाबा, तो हात माझा नव्हता. तुमचा होता.

कॉलेजचं शेवटचं वर्ष आठवतं? एक खोली, त्यात मी खाटेवर पुस्तक घेऊन, आई स्टोव्हपाशी, आणि तुम्ही पहिली पाळी करून आलेले, भजनाची तयारी करायची असायची. मी म्हटलं होतं, बाबा, परीक्षा आहे, मृदंग नको. तुम्ही मृदंगाला खोळ घातलीत, कोपऱ्यात ठेवलात, आणि त्याच्या गादीवर बसून मांडीवर ठेका धरलात. आवाज नाही. नुसता हात. वाचता वाचता मान वर केली की तो दिसायचा, लेंग्यावर पडणारा, उचलला जाणारा, ना वाढणारा ना मंदावणारा. दिवसभर साच्यांच्या खडखडाटात काम केलेल्या माणसाला आवाजाची गरजच उरली नसावी. मी तो ठेका कानांनी कधी शिकले नाही, डोळ्यांनी शिकले. आणि त्याहून आधीचं, लहान असताना आरतीत मी टाळ घेऊन सुसाट सुटायचे तेव्हा तुम्ही मृदंग थांबवून सगळ्यांदेखत म्हणायचात, "खंय पळतंस गो? देवाक काय रातपाळीक जावचा आसा?" सगळी चाळ हसायची आणि मी टाळ आपटून आईमागे लपायचे.

दुपारी परत गेले. पोरांना सांगितलं, एकानेही टाळी वाजवली तर कान उपटीन. गुडघे गादीवर टेकले. डोळ्यांसमोर तुमचा लेंगा आणला. हात पडला, उठला. पडला, उठला. छाती पूर्ण वर येतेय, तुम्ही थाप मारून हात काढायचात तसा माझा हात सुटतोय. खांदे भरून आले, कपाळाचा घाम नाकावर आला, आणि दिवा हिरवा. हिरवाच. डॉक्टरने "थांबा" म्हटलं तेव्हा मी मोठ्याने म्हटलं, "थांबते. थांबले." ती खळखळून हसली आणि मला उठवायला हात पुढे केला. "काकू, कुठलं गाणं होतं डोक्यात? शेवटपर्यंत ढळला नाहीत." मी म्हटलं, "गाणं नव्हतं." अध्यक्ष बाहेर नाचत होता, मंडळाच्या ग्रुपवर माझा घामाघूम फोटो टाकून मोकळा झाला होता. उद्या त्याला बघते.

रविवारी खोलीत भजनी मंडळाच्या बायका येतील, वॉचमन येईल, शेजारच्या वहिनींची सून येईल. त्या वहिनी, ज्यांनी कांदा फोडला होता, त्या आता अंथरुणाला आहेत, पण सुनेला पाठवणार म्हणाल्या. तुमचा मृदंग त्याच खोलीत भिंतीला टेकून असेल. मी सगळ्यांना मांडीवर ठेका धरायला लावणार आहे, आवाज न करता, आधी फक्त हात. कोणी विचारलं ही युक्ती कुठली, तर म्हणेन माझीच. तुमचं नाव घेतलं तर माझा आवाज फुटेल, आणि वर्गासमोर माझा आवाज फुटलेला अजून कोणी पाहिलेला नाही.

हे कागद कुठे पाठवायचे नाहीत. गादीची शिवण एका बाजूने उसवली आहे, त्यात सारते आणि टाके घालते. गुडघ्यांखाली राहतील. ऐकलेलं मोठ्याने परत म्हणायचं आणि झालं की कळवायचं, तर कळवते. पळू नको म्हणालात. ऐकलं. पळाले नाही. सकाळी पहिल्या वेळी पळाले होते, ते रविवारी वर्गात सांगणार नाही. तुम्हाला सांगितलं.