अम्माला मिळालेली माफी

बाई, आज भांडी घासायला येणारी आली नाही. वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये मीच सिंकपाशी उभी राहून करपलेलं पातेलं खरवडत होते, आणि तुम्ही आठवलात. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. आमची तंजावरची मराठी माझ्या तोंडात होती, पण लिहिता अक्षर येत नव्हतं. दर शनिवारी वेस्ट मांबलमला आमच्या तेव्हाच्या घरी येऊन तुम्ही ते गिरवून घेतलंत.

त्यातला एक शनिवार सांगायचा आहे. अम्मा लग्नासाठी तंजावरला गेली होती. मी एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी, म्हणजे काही लहान नव्हते. तुम्ही पाणी प्यालात, पेला ओठाला लावून. आमच्याकडे सगळे वरून ओतून पितात. तुम्ही निघालात तशी मी तो पेला चिमटीत धरून मागच्या नळावर नेला, चिंच लावून तीनदा घासला आणि आत न नेता बाहेरच्या खिडकीत पालथा घातला. मला कुणीही सांगितलं नव्हतं. तुम्ही ख्रिस्ती, एवढंच मला पुरलं. वळून बघते तर तुम्ही दारात उभ्या. छत्री विसरली म्हणून परत आला होतात. ती घेतलीत आणि गेलात. पुढच्या शनिवारी शिकवून झाल्यावर आपला पेला आपणच विसळलात आणि त्याच खिडकीत नेऊन ठेवलात. अम्मा तोवर परतली होती. तुम्ही गेल्यावर तिनं विचारलं, "टीचर टंबलर भायेर कां ठेवतात गे? माझं काय चुकलं?" मी म्हटलं, "त्यांची सवयच तशी."

मग ईस्टरच्या आधी मी तुमच्याकडे आले होते. तुम्ही सगळं घर धुवायला काढलं होतंत. तुम्ही घासत होता, मी पुसत होते.

"अगं, हे कालपासून भिजत घातलंय," एक काळं पातेलं उचलून म्हणालात. "कोरडंच खरवडलं की ओरखडे पडतात." मग मान वर न करता म्हणालात, "तुझ्या आईला मी केव्हाच माफ केलंय हं. रोज प्रार्थनेत आपण देवाकडे माफी मागायची आणि दुसऱ्याचं मात्र धरून बसायचं, हे कसं चालेल? पहिले दोन महिने नाही जमलं. भांडी आपटायचे नुसती! तू बिचारी, तुला सांगितलं तसं केलंस."

तेव्हा मी एवढंच म्हणायला हवं होतं, "बाई, अम्मा नव्हती हो, मीच." मी ताट पुसत राहिले. ते कधीच कोरडं झालं होतं. आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं. सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटते.

तुम्ही गेलात तेव्हा चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून मी इतकी रडले की लोक माझीच समजूत घालत होते. पुढे मीही स्वतःची समजूत घातली, की आता बाईच नाहीत, तर सांगणार कुणाला.

पण अम्मा आहे. आत्ता पलीकडच्या खोलीत भाजी निवडते आहे. आजही मधूनच विचारलं तिनं, "टीचरांच्या मनात माझ्याबद्दल कांही राहिलं होतं कां गे?" मी नाही म्हटलं. तुम्ही तिला माफ केलंत, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती विचारेल, कशाबद्दल.